मूळचा मीडियम

३ मार्च, सोमवार. सकाळी, दुकान उघडण्याआधी

पोरीचा फोन. तिची बदली झाली. पार दुसऱ्या समुद्रावर, जगाच्या पाठीवर कुठेतरी. एप्रिल लागला की जाणार. म्हणाली, बाबा, इतकी वर्षं मी पाण्याखाली काय करते ते तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत. जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर खाली याल?

नेहमीसारखं 'सीझन आहे गं' म्हणणार होतो. तोंडातून 'येतो' गेलं.

ती म्हणाली, काय? मग म्हणाली, खरंच? आवाज जरा विचित्र आला. लाइन खराब असावी.

तिचं काम म्हणजे समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ मोजणं. जगलं किती, मेलं किती, नवीन धरलं किती. गिऱ्हाइकांना मी 'समुद्र खात्यात आहे' असं सांगतो. बढतीसारखं वाटतं.

तिची अट एकच. आधी इथल्या तरणतलावावर शनिवारचा क्लास करायचा. सिलिंडर, मुखवटा, जॅकेट, सगळं अंगवळणी पाडायचं. आमची ही म्हणाली, मीही येते. विचारलं, तुला झेपेल का? म्हणाली, बघू.

संकल्प: रोज पहाटे चालणे. गोड बंद. उद्यापासून.

५ मार्च, बुधवार

चाललो नाही. बूट सापडले नाहीत. सापडले तेव्हा ऊन झालं होतं.

दुकानात एक गृहस्थ आले. बत्तीस कंबरेची पँट मागितली. मी न बोलता अडतीसची काढून समोर ठेवली. ते चिडले. बत्तीसचीच घेऊन ट्रायल रूममध्ये शिरले. आतून आपटाआपटीचे आवाज. घामाघूम होऊन बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता अडतीसची घेऊन गेले.

माणसं स्वतःला किती फसवतात. हसू येतं. जन्म गेला पुरुषांचे तयार कपडे विकण्यात. माणूस दारातून आत आला की माप कळतं, टेप काढायची ती त्याच्या समाधानासाठी. मी स्वतः मीडियम. लग्नात मीडियम होतो, आजही मीडियम. कॉलरच्या मागे लेबल आहे, कुणीही उलटून बघावं.

८ मार्च, शनिवार. दुपारी

क्लासचा पहिला दिवस. शिकवणारी मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची. गळ्यात शिट्टी. नाव सांगितलं तिनं, पण मी शिट्टीबाईच म्हणणार.

तलावाच्या कडेला लोखंडी दांडीवर जॅकेटं टांगलेली. अगदी दुकानासारखी. जीव रमला. याला बीसीडी म्हणतात. बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा त्यात भरते आणि माणूस तरंगतो. हवा सोडली की बुडतो. सोपं आहे.

शिट्टीबाईनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक्सएल काढलं.

म्हटलं, मॅडम, मीडियम.

ती म्हणाली, काका, आत रबरी सूट असतो. आणि हवा भरली की जॅकेट आतल्या बाजूनंही फुगतं. बरगड्यांना जागा लागते.

मी हसलो. म्हटलं, कपडे हा आमचा धंदाच आहे. तिनं खांदे उडवले आणि मीडियम दिलं. हिनं मात्र डोळ्यांची पापणी न लववता 'मला लार्ज द्या' म्हणून टाकलं. चारचौघांत. बायकांना काही अभिमान नसतो.

जॅकेट छान बसलं. पोटावर वेलक्रोचा रुंद पट्टा असतो. त्याची दोन टोकं एकमेकांना लांबून बघत होती. सगळा श्वास सोडून त्यांची भेट घडवून आणली. पाण्यात उतरलो. बटण दाबलं. जॅकेटनं मिठी मारली. लग्नात भेटलेला लांबचा नातेवाईक मारतो तशी. सुटेचना. डोळ्यांसमोर पिवळं झालं आणि फर्रर्र करून वेलक्रो उघडला. अख्ख्या तलावानं ऐकलं. पलीकडच्या बाजूला एक आजोबा पोहायचे थांबले.

ही तेवढ्या वेळात पाण्यावर उताणी पडून छताकडे बघत होती. गादीवर पडल्यासारखी.

निष्कर्ष: वेलक्रो जुना.

९ मार्च, रविवार

बरगड्या ठणकतात. व्यायामाची लक्षणं. चांगलंच आहे.

१२ मार्च, बुधवार

चाललो! कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानदार मित्र आहे, त्यानं चहा मागवला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. बरोबर बिस्किटं आली. परत येताना रिक्षा केली, कारण चालून झालं होतं.

१५ मार्च, शनिवार

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

शिट्टीबाई म्हणाली, आज एक्सएल, नाहीतर पाण्यात उतरू देणार नाही. मी म्हटलं, माझं माप मला ठाऊक आहे. तिनं खिशातून टेप काढली. टेप. माझ्या छातीला. शिकायला आलेली सगळी मंडळी बघत होती. तिनं आकडा मोठ्यानं वाचला. तिचा दोष नव्हता, तलावात आवाज घुमतोच.

मी म्हणालो, टेप आक्रसली आहे. क्लोरीननं आक्रसते. मग शर्टाची कॉलर उलटून लेबल दाखवलं. मीडियम. छापील. ती लेबल बघत राहिली, मग तिनं हिच्याकडे बघितलं. ही पाण्याकडे बघत होती.

शेवटी एक्सएल घातलं. पण घातलं ते असं की चूक कुणाची ते सगळ्यांना दिसावं. ती सांगत होती, आधी पोटाचा पट्टा आवळा, मग खांद्याचे ओढा, मग छातीचं बकल. मी काहीच आवळलं नाही. पाण्यात हवा भरल्यावर जॅकेट वर सरकून कानापर्यंत आलं. कवचात मान घातलेल्या कासवासारखा मी मध्यभागी तरंगत होतो. म्हटलं, बघा! सैल!

एवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबलो. टॉवेल गुंडाळून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, सामान भंगार आहे आणि तुमच्या शिकवणाऱ्या मुलीला मापातलं ओ की ठो कळत नाही. असं एखाद्या दिवशी कुणाचं तरी बरंवाईट होईल.

मॅनेजर भित्रा माणूस. तो तसाच उठून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत तिला बोलला. ज्येष्ठ माणसांशी कसं वागायचं, वगैरे. मला वाटलं, ती आता टेप आणि वेलक्रो सगळं सांगणार. ती म्हणाली, पुढच्या वेळी काळजी घेईन, सर. तिचे कान लाल झाले होते. मग ती वळली आणि दांडीवरची जॅकेटं उगाचच सारखी करत बसली.

ही घरी येईपर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत होती.

मॅनेजरनं माझं ऐकलं, ही गोष्ट खरी. अनुभवाला किंमत आहे.

रात्री पानात अर्धी पोळी टाकली. क्लोरीन गेलं असावं पोटात.

१७ मार्च, सोमवार

दुपारी दुकानात मागच्या बाजूला कोटांच्या रांगेत हँगर लावत होतो. पलीकडे आमच्या मास्टरचं शिलाई मशीन. ही आली. तिला वाटलं मी बँकेत गेलोय. तिच्या हातात माझे नवे शर्ट.

मास्टर म्हणाला, वहिनी, नेहमीसारखंच ना? हे लेबल काढून मीडियमचं लावू?

ही म्हणाली, हो. हळू बोला.

मशीन थांबलं. मास्टर म्हणाला, वहिनी, या वेळी डबल एक्सएल आहे.

शर्टाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, मीडियमचंच लावा.

मी कोटांमध्ये उभा. दोन्ही बाजूंनी बाह्या. बाहेर पडावं तर बघतील, खोकावं तर कळेल. ती गेल्यावरही तिथेच राहिलो. विक्रीवरचा पोऱ्या मला शोधत दोनदा येऊन गेला.

घरी येऊन कपाट उघडलं. प्रत्येक कॉलर उलटून पाहिली. प्रत्येक लेबलाच्या कडेनं मास्टरची बारीक उलटी टीप. त्याचा हात मी हजार कपड्यांत ओळखीन. एवढ्या वर्षांत माझ्याच मानेला चिकटलेली होती, दिसली नाही. स्वेटरला. कोटाला. पायजम्याला सुद्धा. पायजम्याचं लेबल बघणारा या जगात मी एकटाच. म्हणजे हे लोकांसाठी नव्हतंच.

दुकानात सगळ्यांना माहीत असणार. हसत असतील का? आठवून पाहिलं. कधी कुणी हसलेलं आठवत नाही. ते जास्त लागलं. हसले असते तर चिडता आलं असतं.

हिला काही विचारलं नाही. जेवताना म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

शांत डोक्यानं विचार केला. लेबल म्हणजे शेवटी कापडाचा तुकडा. खरं माप हाडांचं. माझी हाडं मीडियमच आहेत, वर जे आहे ते हंगामी. ठरलं: महिनाअखेरपर्यंत फक्त सूप.

शनिवारी तलावावर जाणार नाही. स्टॉक आलाय.

(स्टॉक आलेला नाही. शिट्टीबाईच्या कानांकडे बघवणार नाही.)

२० मार्च, गुरुवार

सूपबरोबर ब्रेड चालतो. वाचलं कुठेतरी.

ही म्हणाली, क्लास पुरा होत नाहीये हे पोरीला सांगा. सांगतो म्हटलं. म्हणाली, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. सांगितलं तिनं, माझ्यासमोर फोन लावून. वाटलं पोरगी रागावेल. ती म्हणाली, काही हरकत नाही, बाबांना मी अगदी उथळ पाण्यात नेईन. हात सोडणार नाही.

फोन माझ्याकडे आल्यावर म्हटलं, क्लासचं कारण वेगळंच आहे गं, इथली जॅकेटं अगदी सुमार. ती म्हणाली, माझ्याकडे एक जुना हार्नेस आहे, पाठवते. पाठीला स्टीलची पाटी, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा. हवेची पिशवी पाठीमागे असते, छातीवर दाब येत नाही. विचारलं, साइझ? म्हणाली, साइझ नसते बाबा. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बसवून घ्यायचा.

साइझ नसते! एवढा शहाणा शोध कुणी लावला? त्याला दुकानात बसवून चहा पाजावा.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, पट्टा लांब आहे, तसाच राहू दे. कापू नका. मी रबरी सुटावर बसवून देते.

२३ मार्च, रविवार

हार्नेस आला. हिला बाजारात जायचं होतं, बरं झालं. आरशासमोर चढवला. पट्ट्याचं टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. भिकार दिसत होतं. जास्तीचं कापड अंगावर लोंबू द्यायचं हे आमच्या धंद्यात पाप.

दुकान उघडून मास्टरला बोलावलं. बनियनवर माप घेतलं. पोट जरा आत घेतलं होतं, माप घेताना सगळेच घेतात. मास्टर म्हणाला, मालक, थोडं मार्जिन ठेवू. मी म्हणालो, मीडियमला मार्जिन लागत नाही.

बोलून गेलो. मास्टरनं जमिनीकडे पाहिलं. मीही. तिथं कापडाच्या चिंध्या होत्या.

मग कात्री मीच घेतली. टोकं सुटू नयेत म्हणून लायटरनं जाळून घेतली. सफाईदार काम.

याला एक पट्टा दोन पायांमधूनही येतो, हार्नेस वर सरकू नये म्हणून. तो ओढल्यावर ताठ उभं राहता येईना. घरी येऊन वाकूनच घरभर हिंडून पाहिलं. तेवढ्यात ही आली. विचारलं, कंबर धरली का? म्हटलं, नाही, पाण्यात अशीच पोझिशन असते.

पण आरशात, खरं सांगतो, सैनिकासारखा दिसत होतो. सतरा तारखेनंतर आज पहिल्यांदा आरशात बघितलं.

२९ मार्च, शनिवार. पोरीच्या खोलीवर

समुद्राचा वास खोलीत आत येतो. अर्धी खोली खोक्यांत गेली आहे. भिंतीवर एक नकाशा अजून आहे. तिनं हातानं काढलेला, तिच्या समुद्राच्या तळाचा. प्रवाळाच्या प्रत्येक ढिगाला तिनं नाव दिलंय. एकाला 'आईची उशी'. एकाला 'रुसकी'. एका कोपऱ्यात लिहिलंय 'दुकान'.

विचारलं, हे काय? म्हणाली, तिथे फळ्यांसारखे थर आहेत, एकावर एक. चपटे मासे त्यांच्यामध्ये ओळीनं उभे राहतात, हँगरला लावल्यासारखे. इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात सापडलं. नवीन होते, करमत नव्हतं. रोज काम संपलं की तिथे जाऊन थोडा वेळ थांबायचे.

मी नकाशाकडेच बघत राहिलो. चष्म्याला धुकं आलं, हवा दमट आहे इकडची.

म्हणाली, उद्या दाखवते तुम्हाला. आणि चला, हार्नेस बसवून घेऊ. म्हटलं, बसलाय. म्हणाली, दाखवा. म्हटलं, उद्या. प्रवासानं अंग मोडलंय.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी

होडीत आम्ही तिघं आणि होडीवाला. रबरी सूट पोरीनं आणला होता, बोटभर जाड. तो चढवतानाच मी अर्धा झालो. वरून हार्नेस. पट्ट्याचं टोक बकलपर्यंत पोचेना. या सुटाचा विचार बनियनवर माप घेताना केला नव्हता. पोरगी हिचं जॅकेट तपासत होती. मी होडीवाल्याला खूण केली. सगळा श्वास सोडला, त्यानं पाय टेकवून ओढलं, बकल लागलं. होडीवाला म्हणाला, काका, बैलगाडीचं ओझं आवळतात तसं झालंय. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

पोरगी आली. पट्ट्याची जळकी टोकं बघितली. विचारलं, कापलात? म्हटलं, धंद्यातला माणूस आहे मी. तिनं पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. एकही गेलं नाही. म्हणाली, दीर्घ श्वास घ्या. मी खांदे उचलले आणि नाकानं आवाज काढला.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, होडीत एक जास्तीचं जॅकेट आहे, ते नारिंगी, एक्सएल. लगेच बदलू. कुणी घाई करत नाहीये. बाबा, खरं सांगा, श्वास घेता येतोय ना?

इथे सांगायचं होतं. इथेच. ही माझ्याकडे बघत होती, होडीवाला माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, अगं, एकदम मोकळा.

तिनं विश्वास ठेवला. बहुतेक तिला ठेवायचा होता.

उडी मारली. पाणी गार. तोंडातल्या नळीतून हवा येत होती, भरपूर येत होती, पण घ्यायला आत जागाच नव्हती. छोटे छोटे श्वास, मग आणखी छोटे. पोरीनं माझा हात धरला होता. ती बोटानं खाली दाखवत होती, चला. मला वाटलं मी मरतोय. मी तिचा हात झटकला. तिचा मुखवटा धरून ओढला. माझं कोपर तिच्या नाकावर बसलं. हे मला तेव्हा कळलं नाही असं लिहिणार होतो. कळलं होतं.

तिनं मला उताणं केलं, पिशवीत हवा भरली. बकल इतकं रुतलं होतं की तिच्यानं उघडेना. तिनं कमरेची सुरी काढली आणि खांद्यावरचे दोन्ही पट्टे कापले. फट्. फट्. छाती उघडली. समुद्रावरची सगळी हवा एकदम आत आली.

मांडीतला पट्टा तेवढा उरला होता. होडीवाल्यानं मला त्याला धरूनच वर ओढलं. याबद्दल जास्त लिहीत नाही.

होडीच्या तळाशी मासळीसारखा पडून होतो. पोरगी वर आली. वरच्या ओठावर रक्त. विचारलं, आता येतोय श्वास? मी मान हलवली. आणि माझ्या तोंडातून आलं ते हे: पट्टा सदोष होता.

ती म्हणाली, हो बाबा.

एवढंच. रुमालानं नाक पुसत. रागावली असती तर बरं झालं असतं.

होडीवाला म्हणाला, वारा फिरतोय, जायचं तर आत्ता, नंतर पाण्याची ओढ वाढेल. पोरीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. ही म्हणाली, तू जा, मी थांबते यांच्यापाशी. तेव्हा मी 'जा तुम्ही दोघी' म्हणायला हवं होतं. मी काहीच म्हणालो नाही. शेवटी होडीवाला म्हणाला, मी आहे ना काकांजवळ, जा.

गेल्या दोघी. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रेषा दिसत होत्या. आधी लांब, मग जवळजवळ. मी पाठ टेकायला काही शोधत होतो, तर होडीवाल्यानं ते नारिंगी जॅकेट माझ्या पाठीशी ठेवलं. फार मऊ होतं.

वर आल्या तेव्हा हिचा चेहरा मी ओळखला नाही. गालांवर मुखवट्याचे वळ, हसत होती, रडतही होती. म्हणाली, अहो, तुमचं दुकान… आणि माझ्याकडे बघून थांबली. परतीच्या वाटेवर ती पोरीला हातांनी दाखवत होती, मासे कसे उभे होते, कसे एकदम सगळे वळले. मी बघतोय असं वाटलं की हात मांडीवर ठेवायची.

३१ मार्च, सोमवार

पोरीचं नाक सुजलंय. चहा पिताना कपाला लागतं.

माफी मागायचं ठरवून तिच्यासमोर बसलो. वाक्य तयार होतं. बाहेर आलं ते, सूट फार जाड होता गं. ती म्हणाली, हो, हिवाळ्यातला होता. खोकी बांधायला मदत केली. नकाशा तिनं भिंतीवरून उतरवला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत दोरी शोधत होतो. दोरी हातातच होती.

३ एप्रिल, गुरुवार

विमानतळ. तिनं मला मिठी मारली. तिचे हात माझ्या पाठीमागे एकमेकांना पोचले नाहीत. लहानपणीही पोचायचे नाहीत. पण तेव्हा ती लहान होती.

७ एप्रिल, सोमवार

मास्टरला सांगितलं, यापुढे जे असेल तेच लेबल ठेवायचं. तो मान खाली घालून म्हणाला, बरं. मग म्हणाला, मालक, वहिनींना बोलू नका. मी म्हटलं, नाही बोलणार.

घरी गेल्यावर हिला म्हणालो, आमटी चांगली झालीये. ती चकित झाली. आज आमटी नव्हती, पातळ भाजी होती.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी

एकटाच तलावावर गेलो. हिला सांगितलं नाही.

शिट्टीबाई कडेला बसून मुखवटे धूत होती. म्हटलं, आधी केबिनमध्ये चला. मॅनेजरसमोर उभा राहून सांगितलं, त्या दिवशीची तक्रार खोटी होती, माप या मुलीचंच बरोबर होतं. पाठ केलं होतं, पण घाम आलाच. मॅनेजर म्हणाला, कुठली तक्रार? आठवेना त्याला. म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे, आणि फोन घेतला.

ती विसरलेली नव्हती. बाहेर आल्यावर तिनं ओले हात पुसले. दांडीशी गेली. एक्सएलवरून हात पुढे नेला आणि त्याच्या मागचं मोठं काढलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आधी पोटाचा पट्टा. मग खांद्याचे. मग छातीचं बकल. पट्ट्याखाली दोन बोटं, आरामात गेली. दीर्घ श्वास. खरा. बटण दाबलं, जॅकेट फुगलं, कुणी मिठी मारली नाही. कुठे टोचलं नाही, कुठे वर सरकलं नाही. मग हवा सोडली आणि हळूहळू खाली गेलो, ती माझ्या शेजारी.

तळाशी टेकलो. इतकं सुखाचं कापड आयुष्यात अंगाला लागलं नव्हतं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर. कितीही वेळ बसता आलं असतं.

आजूबाजूला बघितलं. पांढऱ्या फरशा. जाळीपाशी केसांचा एक रबर. पुन्हा फरशा.

तिनं अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक?

मी खूण केली, ठीक.